निघाली, पण निघाली नाहीत

मराठीतलं 'निघणे' हे क्रियापद मोठं कामसू आहे. गाडी निघते, वरात निघते, वॉरंट निघतं, दिवाळं निघतं, आणि हे सगळं एकाच माणसाच्या बाबतीत याच क्रमाने घडू शकतं. शाळेत असताना मला या शब्दाचं कौतुक वाटे. उबवणुकीची अंडी पार्सलने पाठवायचा धंदा सुरू केल्यापासून मात्र त्याची धास्ती बसली आहे.

फोन साधारण असा येतो.

"दादा, अंडी निघाली नाहीत."

"अहो, तीन आठवड्यांपूर्वीच निघालीत. मी स्वतः ट्रॅव्हल्समध्ये ठेवली."

"ती तुमच्याकडनं निघाली हो. आमच्याकडं निघाली नाहीत."

"म्हणजे पोचली नाहीत?"

"पोचली. बसवली. पण निघाली नाहीत!"

इथपर्यंत येईस्तोवर दोघांचेही आवाज चढलेले असतात आणि मूळ तक्रारीला अजून सुरुवातही झालेली नसते.

आमचं फलटण तालुक्यात छोटंसं खुराडं आहे. छोटंसं म्हणजे साठ कोंबड्या आणि सात कोंबडे. हे प्रमाण मी मनाने ठरवलेलं नाही. आठ-दहा माद्यांमागे एक नर असला की अंडी बऱ्यापैकी फळतात. नर कमी पडले तर अंडी वांझ राहतात आणि जास्त झाले तर त्यांचा सगळा दिवस एकमेकांचे तुरे फोडण्यात जातो, मूळ काम बाजूला राहतं. इथे मी ग्रामपंचायतीचा दाखला देणार होतो, पण सरपंच आमचे गिऱ्हाईक आहेत.

खाण्याची अंडी विकणाऱ्याचा मला मनापासून हेवा वाटतो. त्याचं गिऱ्हाईक अंडं नेतं, तव्यावर फोडतं, कांदा-मिरची घालतं, आणि विषय संपतो. तीन आठवड्यांनी फोन करून "त्या दिवशीच्या आमलेटचं पुढे काहीच झालं नाही हो," असं त्याला कुणी सांगत नाही. माझं अंडं दिसायला तेच. फक्त त्यावर कोंबड्याची मेहेरनजर झालेली असते, म्हणून बाराचं अंडं पंचवीसला जातं. वरच्या तेरा रुपयांत आपण नेमकं काय विकतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

बारा अंडी मागवणारा माणूस बारा अंडी मागवतच नाही. पैसे पाठवल्या क्षणी त्याच्या डोक्यात बारा कोंबड्या चरायला लागलेल्या असतात. (कोंबडा हा प्राणी या हिशेबात जन्मालाच येत नाही.) बारा कोंबड्यांची वर्षाला शंभराच्या हिशेबाने बाराशे अंडी. बाराशे अंड्यांची बाराशे पिल्लं. पिल्लाची कोंबडी झाली की चारशेला एक. पार्सल पोचायच्या आत त्याने फार्मचं नाव ठरवलेलं असतं, पाटीचा रंगही. एकविसाव्या दिवशी काहीच निघत नाही तेव्हा माझ्या लेखी तीनशे रुपयांचा माल वाया गेलेला असतो आणि त्याच्या लेखी चार लाख ऐंशी हजारांचा. तो भांडतो ते त्या रकमेसाठी. 'बाजारात तुरी' ही म्हण काढणाऱ्याने सौम्य उदाहरण निवडलं, असं माझं मत आहे. तुरी निदान शेंगेत दिसतात तरी. आणि गोष्टीतला तो शेखमहंमद, मनोरथांच्या नादात डोक्यावरचा माल पाडून स्वतःवरच चरफडत बसला. त्याच्या काळी फोन नव्हता. नाहीतर त्यानेही आधी माल देणाऱ्याला लावला असता.

आता माझी बाजू.

अंडं हा मुळात प्रवासाला काढायचा पदार्थ नव्हे. त्याची घडण झाली ती कोंबडीच्या पोटाखाली गुपचूप पडून राहण्यासाठी. बोथट टोकाला आत हवेची एक छोटी पिशवी असते. पिल्लू विसाव्या दिवसाच्या सुमारास चोच मारून आधी त्या पिशवीत शिरतं, तिथे पहिला श्वास घेतं, आणि मग कवच फोडायला लागतं. म्हणजे घराबाहेर पडण्याआधी ओसरीत थांबून चपला घालाव्यात तसं. पार्सलमध्ये दणके बसले की ही ओसरीच मूळ जागेवरून सुटते आणि गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी अंडंभर फिरत राहते. पिल्लाने चोच मारायची कुठे? म्हणून मी प्रत्येक खोक्यात चिठ्ठी टाकतो, की अंडी आल्याबरोबर उबवणीच्या मशीनमध्ये घालू नका, टोकदार बाजू खाली करून एक दिवस विसावा द्या. दारात आलेल्या पाहुण्याला आपण तांब्याभर पाणी देतोच की. पण एक अपवाद सोडला तर ही चिठ्ठी आजवर कुणी वाचल्याचा पुरावा नाही. एकाने तर मलाच विचारलं, "खोक्यात एक चिठ्ठी होती, ती तुमचीच का? आम्हाला वाटलं चुकून आली."

बांधणी आमची ही करते. प्रत्येक अंडं वर्तमानपत्रात गुंडाळायचं, खाली भुसा, वर भुसा, मधल्या फटींत पुन्हा भुसा. माझ्या चष्म्याला तिने कधी इतकं जपलेलं नाही. मग मी खोकं घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सला जातो. सुरुवातीला चारी बाजूंनी मोठ्या अक्षरांत 'अंडी आहेत' असं लिहीत असे. त्याचा उपयोग एवढाच झाला, की डिकीत खोकं भिरकावताना क्लीनर दुसऱ्या क्लीनरला "अंडी हायत रं" असं सांगून भिरकावी. मग 'काच' लिहून पाहिलं. तेव्हा लोकांनी त्यावर काही ठेवलं नाही, पण आत खरंच काच आहे का हे हलवून पाहिलं.

शेवटी मित्राने अक्कल दिली आणि नांदेडच्या पार्सलवर मी 'श्रींची मूर्ती' असं लिहिलं. महिना एप्रिल. ड्रायव्हर भाविक निघाला. (पाहा, पुन्हा निघाला.) मूर्ती डिकीत कशी ठेवायची म्हणून त्याने खोकं उचलून आपल्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवलं. वर झेंडूचा हार घातला. पुढे उदबत्ती लावली.

इथे अंड्याची एक खोड सांगायला हवी. कोंबडीने अंडं घातलं की आतला गर्भ वाढायचा थांबतो आणि वीसेक अंशांच्या खाली तो निवांत झोपून राहतो. म्हणून अंडी साठवायची ती पंधरा-सोळा अंशांना, आणि आठवड्याच्या आत बसवायची. ऊब लागली की त्याला वाटतं कोंबडी बसली, आणि तो कामाला लागतो. इंजिनाच्या झाकणावर आमचे बारा गर्भ टेंभुर्णीला जागे झाले, बार्शीपर्यंत वाढले आणि लातूरच्या पुढे गेले. सकाळी नांदेडहून फोन आला. तक्रारीच्या सुरात नव्हता, जिज्ञासेच्या सुरात होता. "दादा, अंड्यांना उदबत्तीचा वास कसा काय येतोय?"

त्या बारा अंड्यांचे पैसे मी न मागता परत केले. देवाच्या नावाने केलेली फसवणूक पचत नाही.

पण सगळ्याच तक्रारी इतक्या उघड नसतात. तक्रार ऐकण्याची एक रीत असते आणि ती मी आमच्या गावच्या डॉक्टरांकडून उचलली. "तुम्ही काय चूक केलीत?" असं विचारलं की माणूस वकील होतो. "पार्सल उघडल्यापासून सांगा," म्हटलं की साक्षीदार होतो. मग हळूहळू सगळं बाहेर येतं. पनवेलच्या साहेबांनी अंडी आल्याबरोबर साबणाच्या पाण्यात घोळून, टॉवेलवर पुसून, लख्ख करून मशीनमध्ये ठेवली होती. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि ताज्या अंड्यावर निसर्गानेच एक पातळ लेप दिलेला असतो, तो जंतूंना बाहेर अडवतो. साहेबांनी तो लेप काढला आणि जंतूंना दार उघडून दिलं. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुम्ही अस्वच्छ अंडी पाठवता हे कबूल करताय?"

पंढरपूरच्या एका घरी सगळं यथासांग झालं होतं, फक्त पहिली रात्र सोडून. त्या रात्री सासूबाईंनी अंडी 'नासू नयेत म्हणून' फ्रीजमध्ये ठेवली. त्यांतल्या दोन अंड्यांचा पोळीबरोबर उपयोगही झाला होता आणि त्याचीही तक्रार होती. गावरान असून चव बेताचीच लागली म्हणे.

सोलापूरच्या पोराने थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून स्वतःचं मशीन बनवलं होतं. मला अशा पोरांचं फार कौतुक आहे. मी विचारलं, "तापमान किती ठेवलंस?" अंड्यांना साडेसदतीस अंश लागतात, तेही एकवीस दिवस सारखे. एखादा अंश कायम वर-खाली राहिला तरी पिल्लं लंगडी, उशिरा, किंवा मुळीच नाही. तो म्हणाला, "काका, आमच्याकडं मे महिन्यात तसंही बेचाळीस असतंय. मग म्हटलं बल्ब कशाला जाळायचा?"

"आणि रात्री?"

"रात्री गच्चीत ठेवत हुतो. वारं लागावं म्हणून."

लाईट जाण्याला मात्र सगळे एकमुखाने दोष देतात. यावर माझं मत ऐकून लोक नाराज होतात. खुडूक कोंबडी स्वतःच रोज पंधरा-वीस मिनिटं अंड्यांवरून उठते, चार दाणे टिपते, धुळीत लोळते आणि परत येते. तेवढ्याने काही होत नाही. तास-दोन तास लाईट गेली तरी अंडी बहुधा तग धरतात. थंडीपेक्षा जादा उष्णता त्यांना लवकर मारते. लाईट जाण्यात तितकासा दोष नाही, असं म्हणणारा महाराष्ट्रात मी एकटाच असेन. त्यामुळे मशीनवाल्यांच्या सोबतीत मला फारसं कुणी चहाला विचारत नाही.

सगळ्यात जास्त पिल्लं मरतात ती मात्र कौतुकाने. दिवसातून चार-पाचदा अंडी फिरवायची असतात, म्हणजे गर्भ कवचाला चिकटत नाही. अठराव्या दिवशी हे थांबवायचं, आतला ओलावा वाढवायचा, आणि झाकणाला हात लावायचा नाही. हे तीन दिवस म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचं दार बंद असावं असे. नेमक्या याच तीन दिवसांत आपल्याकडे पाहुणे येतात. साताऱ्याच्या काकांनी अंड्याला पहिली टोच पडल्यावर आळी गोळा केली. बारशाला जमतात तशी माणसं जमली, बाळ अजून जन्मायचं असताना. प्रत्येकाने झाकण उचलून पाहिलं. प्रत्येक वेळी ओलावा बाहेर गेला. अंड्याच्या आतलं पातळ पापुद्र्यासारखं आवरण पापडासारखं वाळून पिल्लाच्या अंगाला आवळलं, आणि निम्मं कवच फोडलेली पिल्लं तिथेच अडकली. काकांनी मला व्हिडिओ पाठवला. त्यात वीस माणसांचे आवाज होते. एक मुलगी विचारत होती, "आजोबा, ते थांबलं का?"

त्या व्हिडिओला मी काही उत्तर दिलं नाही. चेष्टा करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चूक कुणाची हे ठरवायचं कसं? दुसऱ्याची अंडीपिल्ली बाहेर काढणं हा मराठी माणसाचा जुना विरंगुळा. मी त्याचा रीतसर धंदा केला. गिऱ्हाइकाला सांगू लागलो, की न निघालेलं प्रत्येक अंडं फोडा आणि फोटो पाठवा. आत नुसता स्वच्छ बलक असला तर बहुधा अंडं फळलंच नव्हतं, चूक माझी आणि माझ्या कोंबड्याची, पैसे परत. आत रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ पहिल्या काही दिवसांत गेला, म्हणजे प्रवास, साठवण किंवा तापमान, यावर अर्धे-अर्धे. आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलेलं असेल, तर माझं अंडं तुमच्याकडे जवळजवळ तीन आठवडे नीट जगलं, पुढचं तुमचं तुम्ही पाहा. अशी तीन कलमांची माझी दंडसंहिता. न्यायाधीशही मीच आणि आरोपीही मीच, यावर एकदोघांनी हरकत घेतली, पण दुसरं न्यायालय जवळपास नव्हतं.

या व्यवस्थेचा शेवट डोंबिवलीत झाला. तिथल्या गृहस्थांना मी अंडी फोडा म्हणून सांगितलं, पण कुठे फोडा हे सांगायचं राहिलं. तीन आठवडे उबेत नासलेलं अंडं म्हणजे अंडं नसतं, आतून दाबलेला वायू असतो. त्यांनी रविवारी सकाळी स्वयंपाकघरात, ओट्यावर, पोहे होत असताना पहिलं फोडलं. त्याच दुपारी मला तीन फोन आले. पहिला त्यांचा, दुसरा वहिनींचा, आणि तिसरा सोसायटीच्या सेक्रेटरींचा. तिसऱ्या मजल्यावरच्या उंदराच्या तक्रारीचा अर्ज त्यांनी महिनाभर दाबून ठेवला होता, आणि आता सगळी सोसायटी उंदीर मेला म्हणून आनंद व्यक्त करत होती. न निघालेल्या पिल्लांबद्दल त्या दिवसापासून डोंबिवलीहून चकार शब्द नाही.

पैसे परत देण्याचंही एक शास्त्र आहे आणि ते मी पैसे घालवून शिकलो. सुरुवातीला कुणीही फोन केला की मी पूर्ण रक्कम परत करी. एकदा एक जण अत्यंत पडलेल्या आवाजात सांगत होता, "एकही नाही निघालं हो, एकही नाही." मागे अखंड 'चिव चिव चिव' चाललं होतं. मी विचारलं, "हा आवाज कसला?" तो क्षणभर थांबला. "टीव्ही," म्हणाला. मी म्हटलं, "जरा बंद करा, ऐकू येत नाही." बराच वेळ गेला. चिवचिव काही बंद झाली नाही. मग तोच म्हणाला, "रिमोट सापडंना."

त्यानंतर मी 'हमी नाही' असं लिहायला लागलो. पैसे घेण्याआधी, पार्सलवर, चिठ्ठीत, तीन ठिकाणी. प्रवास केलेल्या अंड्यांतली निम्मी निघाली तरी समाधान माना, हेही तोंडी सांगू लागलो. सगळे म्हणतात, "चालतंय की दादा." मला हे कोडंच होतं, की इतकं स्पष्ट सांगूनही एकविसाव्या दिवशी लोक चकित कसे होतात. मग एकदा मेहुण्याकडे जेवायला गेलो. "आज काही केलेलं नाही, साधंच आहे," असं म्हणत वहिनींनी पुरणपोळी, कटाची आमटी, भजी आणि मसालेभात वाढला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे 'काही नाही' म्हणजे 'भरपूर आहे'. मी 'हमी नाही' म्हणालो की समोरचा मनात म्हणतो, काय नम्र माणूस आहे.

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने "ग्राहक मंचात खेचीन," असा दम भरला. मी नम्रपणे सुचवलं, की २०१९चा कायदा आल्यापासून जिल्ह्याच्या त्या मंचाला आयोग म्हणतात. यावर त्यांचा संताप अंड्यांवरून उडून माझ्यावर आला. पुणेकराला अंडी न निघण्याचं दुःख सोसवतं, पण चूक दाखवलेली सोसवत नाही. रात्री त्यांचं चार पानी पत्र आलं. मुद्दे क्रमांक घालून होते. सोबत जोडलेल्या कागदांची यादी होती. माझ्या चिठ्ठीतल्या शुद्धलेखनाच्या सहा चुका लाल शाईने दाखवलेल्या होत्या. चिठ्ठी वाचणारं ते आजवरचं एकमेव गिऱ्हाईक, त्यामुळे मी त्यांना दुसरी बारा अंडी फुकट पाठवली.  त्या सहांतली एक म्हणजे मी 'बोथट'चा 'बोधट' केला होता.

हा सगळा व्याप माझ्यापासूनच सुरू झाला असं मात्र नव्हे. इजिप्तमध्ये फार जुन्या काळापासून मातीच्या भट्ट्यांत एका वेळी हजारो अंडी उबवत. अठराव्या शतकात रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या भट्ट्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. भट्टीवाल्याचा करार सरळ होता. अंडी तुमची, ऊब माझी. तीन अंड्यांमागे दोन पिल्लं परत देईन, वर निघाली ती माझी. या करारात मला बोचतं ते एवढंच, की त्या लोकांनी अंडं प्रवासाला पाठवलं नाही, भट्टीकडे माणूसच चालत गेला. मीही आता ओळखीच्यांना सांगतो, की बाबांनो, पुण्याचे असाल तर खडकीला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, नाहीतर शेजारच्या गावात कोंबड्यावाला असेल, त्याच्याकडून घ्या आणि मांडीवर ठेवून घरी न्या. हे सांगणं धंद्याला मारक आहे, म्हणून फार मोठ्याने सांगत नाही.

त्याहून मला जवळचा वाटतो तो ॲरिस्टॉटलने नोंदवलेला सिराक्यूजचा दारुडा. तो म्हणे जमिनीत अंडी ठेवून वर चटई अंथरून बसे आणि पिल्लं निघेपर्यंत अखंड पीत राही. सलग एकवीस दिवस. मशीन नाही, थर्मामीटर नाही, लाईट जाण्याची भीती नाही, आणि मधेच झाकण उघडून पाहण्याची हौस नाही, कारण उठताच येत नव्हतं. असं एक तरी गिऱ्हाईक मला लाभावं. आमच्या गावात या पात्रतेचे तीन उमेदवार आहेत, पण ते अंडी बसवायच्या आधीच खाऊन टाकतील.

पिल्लं निघाली म्हणजे तक्रार मिटली, असंही समजू नका. निघाल्यानंतरच्या तक्रारींचा वर्ग वेगळा. मध्ये कडकनाथची लाट आली होती. मूळ झाबुआचा हा पक्षी, २०१८ मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मग जो-तो कडकनाथ मागू लागला. पिसं काळी, तुरा काळा, मांस काळं. अंडं मात्र साईच्या किंवा फिकट तपकिरी रंगाचं. हे कुणाला पटत नाही. "आम्ही काळी अंडी मागवली होती," असं सांगून एकाने सगळं खोकं परत पाठवलं. परतीच्या प्रवासात ती खरोखरच आतून काळी झाली. आणखी एक गंमत म्हणजे कडकनाथची कोंबडी अंड्यांवर बसण्यात मोठी आळशी. तिची अंडी बहुतेक वेळा साध्या गावरान कोंबडीखालीच ठेवावी लागतात. आमच्या घरी यावर शेरेबाजी झाली, ती मी इथे देत नाही.

दुसरी तक्रार कोंबड्यांची. "बारापैकी नऊ निघाली, पण सात कोंबडे आहेत!" निम्मे-निम्मे निघणार हा सरासरीचा हिशेब, पण सरासरी बारा अंड्यांच्या खोक्यात बसत नाही. कोल्हापूरच्या एका शेठनी मला सुनावलं, "तुमच्या कोंबड्यातच खोट आहे." मी त्यांना समजावलं, की पक्ष्यांमध्ये नर की मादी हे ठरतं ते आईकडून, बापाकडून नाही. माणसाच्या अगदी उलट. शेजारी बसून भुशात अंडी रोवत असलेली आमची ही थांबली. म्हणाली, "म्हणजे आमच्यावर जो आळ घेतात, तो कोंबडीवर घेतला तर बरोबर आहे?" आणि पुन्हा अंडी रोवू लागली. तो फोन मी लवकर आटोपला.

हे सगळं एका वहीत लिहून ठेवतो. तारीख, गाव, किती अंडी, किती निघाली, आणि शेवटच्या रकान्यात 'कोणामुळे'. त्या रकान्यात ट्रॅव्हल्स, साबण, फ्रीज, पाहुणे, कोंबडा, मी, अशा नोंदी आहेत. एक रकाना रिकामा आहे तो म्हसवडकडच्या एका मावशींचा.

मावशींनी अकरा अंडी नेली होती. अंडी विषम बसवायची, हा त्यांचा नेम. टोपलीत एक खिळा आणि कोळशाचा तुकडाही ठेवला होता. वळवाचा गडगडाट झाला की अंडी नासतात, त्यावर उतारा. मशीन नाही, घरचीच खुडूक कोंबडी. एकविसावा दिवस गेला, फोन नाही. सव्विसाव्या दिवशी आला. मी वही उघडून पेन काढलं.

"न्हाई निघाली बगा," मावशी म्हणाल्या.

मी पैशांचं बोलायला लागलो. त्यांनी थांबवलं.

"पैशाचं ऱ्हाऊ द्या वं. ती उठंना झालीया."

"कोण?"

"कोंबडी. एकवीस दिस झालं, सव्वीस झालं. दाणं टाकलं तर चार टिपती आन परत जाऊन बसती. वाळून चिपाड झालीया. आता मी तिला काय सांगू? तुमीच सांगा."

वहीत याला रकाना नव्हता. मी सगळी कलमं आठवून पाहिली. बलक, रक्ताचं कडं, अर्धे पैसे. कोंबडीला यातलं काहीच लागू होत नव्हतं. तिने चिठ्ठीतली एकही गोष्ट चुकवलेली नव्हती.

आमच्या मशीनमध्ये त्या दिवशी सकाळी पिल्लं निघाली होती. नुकतं निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोनेक दिवस दाणापाण्यावाचून राहू शकतं, म्हणून त्याला प्रवास झेपतो. अंड्यापेक्षा चांगला झेपतो. नऊ पिल्लं बुटाच्या खोक्यात घातली, झाकणाला भोकं पाडली, आणि या वेळी ट्रॅव्हल्सच्या भानगडीत न पडता मोटारसायकलवर पुढे बांधून स्वतः निघालो. खोक्यावर काहीच लिहिलं नाही.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. तेच बरं होतं, हे काम अंधारातच करायचं असतं. मावशींनी बॅटरी विझवली. कोंबडी गुरगुरली, हाताला एक चोच मारली. मी एकेक अंडं काढत गेलो आणि मावशी एकेक पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवत गेल्या. शेवटचं आत गेल्यावर कोंबडी जरा उंच झाली, सगळं अंग हलवून पुन्हा बसली, आणि घशातल्या घशात एक वेगळाच आवाज काढू लागली. मावशींनी मला सोप्यात घोंगडी टाकून दिली.

पहाटे कोंबडी बाहेर आली. सव्वीस दिवसांनी, मान ताठ करून, पिसं फुलवून. मागे नऊ पिल्लं. अंगणभर तिने माती उकरून दाखवायला सुरुवात केली. मावशी उंबऱ्यात उभ्या राहून बोटाने मोजत होत्या. एकदा मोजून झालं. मग पुन्हा मोजलं.

"नऊच हायती," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "अकरा बसवली हुती."